न आलेली गिऱ्हाइकं

नवऱ्याच्या पाठीत उसण भरली ती रिकामा क्रेट उचलताना. भरलेला असता तर निदान चारचौघांत सांगायला बरं पडलं असतं. क्रेट टेम्पोच्या फळीवर ठेवला, वळला आणि तसाच वाकलेला राहिला. तोंडातून शब्द फुटेना. पैलवानानं त्याला काखेत धरून गोदामातल्या पोत्यांवर आडवं केलं. पैलवान म्हणजे गोदामातला हमाल आणि टेम्पोचा ड्रायव्हर, दोन्ही एकच. अंगावर मूठभर मांस नव्हतं, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

"फेरीला कोण जाणार आता?" नवरा वरच्या पत्र्याकडं बघत म्हणाला. उताणा पडल्यामुळं त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

"मी जाते," सून म्हणाली.

"तू क्रेट उचलणार?"

"क्रेट पैलवान उचलतील. मी तोंड सांभाळते."

"तोंडाची तर काही कमी नाहीच," पोत्यांवरून आवाज आला. आपल्याच बोलण्यावर त्याला हसू आलं, हसल्यावर कळ आली, आणि तो गप्प झाला.

थंड पेयांचं हे घाऊक गोदाम सासऱ्यांनी उभं केलेलं. त्यांना घरात आणि बाजारात सगळे अण्णाच म्हणत. सोडा, सरबतं, रंगीत पेयं, पाण्याच्या बाटल्या. कंपनीची गाडी माल टाकून जायची आणि इथून तो आजूबाजूच्या गावांतल्या दुकानांत जायचा. दरवर्षी या दिवसांत गोदामाची फरशी दिसायला लागे. यंदा क्रेट पत्र्याला टेकले होते. दुपारी वरच्या थरातल्या बाटलीला हात लावला तर चटका बसे. सांडलेल्या गोड पाण्यावर गांधीलमाश्या घोंगावत, आणि पैलवान त्यांना वर्तमानपत्रानं हाकलत बसे, कारण दुसरं कामच नसे.

सुनेला या गोष्टीचं मोठं नवल वाटत होतं. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गटाराच्या ओल्या कडेला पोट लावून पडत. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस काही ना काही पीत होता. भाव तोच, माल तोच. मग लोक पितात ते कुणाचं? माहेरी तिची आई म्हणायची, हिला भिंतीपलीकडं कोण खोकलं तेही कळल्याशिवाय झोप येत नाही. ती खोड लग्नानंतरही गेली नव्हती.

कंपनीचा माणूस मागेच येऊन पंख्याखाली बसून गेला होता. बोलायला गोड होता. "अण्णा, उन्हाळा कडक आणि तुमची उचल कमी. वरचे मला विचारतात, मी काय सांगू?"

"माझी जुनी गिऱ्हाइकं कुठं गेलेली नाहीत," अण्णा म्हणाले.

"जात नाहीत हो. म्हातारी होतात. पोरं दुकान विकून शहरात जातात. नवी कुठं आहेत?" त्यानं रुमालानं मान पुसली. "हंगामभर बघू. नाहीतर नदीपलीकडची गावं दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागतील."

दुसरा कुणीतरी म्हणजे कोण, ते सगळ्यांना माहीत होतं. पुलापलीकडं एका तरण्या पोरानं दुसऱ्या कंपनीचं गोदाम टाकलं होतं. त्याच्या टेम्पोवर दोन्ही बाजूंनी बर्फाची चित्रं होती.

*

सून टेम्पोत पुढं बसली. डोक्यावर ओला रुमाल, पायाजवळ पाण्याची कळशी. सीट इतकी तापलेली की पहिली काही मिनिटं ती अर्धवट उठूनच बसली. पैलवान गाडी हळू चालवायचा. खड्डा दिसला की आधी बाटल्यांना "सांभाळा गं" म्हणायचा आणि मग ब्रेक दाबायचा.

रस्त्यावर पाइपलाइनसाठी खणून ठेवलं होतं, म्हणून बसथांबा हलवलेला. तो नेमका एका शिंपीणबाईच्या दारासमोर आला होता. टेम्पो बघून ती मशीन थांबवून बाहेर आली. बाई पन्नाशीची, गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचणी.

"तुम्ही घाऊकवाले ना?" टाचणी काढून ती म्हणाली. "मी कधीची वाट बघतेय कुणीतरी थांबेल म्हणून. दिवसभर माझ्या दारात माणसांची जत्रा. कपडे कुणालाच शिवायचे नसतात. सगळे विचारतात, थंड काय आहे?"

"मग ठेवा की."

"ठेवणारच आहे. आत या." आत कापडाच्या ताग्यांच्या बाजूला एक जुना फ्रीज उभा होता. दार बंद राहावं म्हणून त्याला इलॅस्टिक बांधलेलं. "हा घेतला आणि हात रिकामे झाले. पहिला माल आठवड्याच्या उधारीवर द्या. त्यानंतर रोख. माझं गिऱ्हाईक जागेवर उभं आहे, मला कुठं शोधायला जायचं नाही."

सुनेला ती बाई तिथंच पटली. पण उधारीचा शब्द अण्णांचा. "मी घरी विचारून सांगते, ताई."

"कधी?"

"उद्याच."

संध्याकाळी अण्णा गोदामाच्या दारात आपल्या खुर्चीवर बसले होते. सुनेनं सगळं सांगितलं. बसथांबा, फ्रीज, इलॅस्टिकसुद्धा.

"शिंपीण?" अण्णा म्हणाले. "कोणाची कोण?"

"कोणाची ते नाही विचारलं. पण बाई कामाची आहे."

अण्णांनी रस्त्याकडं तोंड केलं. "बघतो."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारायला गेली. "बघतो म्हटलं ना." तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, बाजाराच्या दिवशी तिकडचा धान्य तोलणारा येतो, त्याला विचारू. बाजाराच्या दिवशी तोलणारा आला नाही, त्याच्या घरी लग्न होतं. दरम्यान फेरीचा टेम्पो शिंपीणबाईच्या दारावरून गेला की सून खाली वाकून पायाजवळची कळशी नीट करत असल्याचं दाखवायची. पैलवान समोर बघत राहायचा.

शेवटी तोलणारा भेटला, बाई चांगली आहे म्हणाला, आणि अण्णांनी मान हलवली. सुनेनं स्वतः क्रेट निवडले, पुसले. टेम्पो दारात थांबला तेव्हा दारासमोर दहाबारा माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात बाटली होती. भिंतीवर बर्फाच्या चित्राची पाटी लागली होती.

शिंपीणबाईला सुनेपेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं. "बसा तरी, ताई. थंड घ्या."

सुनेनं घेतलं. दुसऱ्या कंपनीचं पेय. चांगलं गार होतं.

"तुमच्यावर राग नाही हां माझा," बाई म्हणाली. "पण तो पोरगा दुपारी आला, फ्रीज उघडून बघितला, शेजारच्या वाण्याशी दोन शब्द बोलला आणि संध्याकाळी माल टाकून गेला. मी तुमच्यासाठी थांबले होते. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं. नाही म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी दुसरीकडं गेले असते. तेवढे दिवस लोक माझ्या दारातून तहानलेले गेले."

निवडून पुसलेले क्रेट तसेच परत आले. पैलवानानं ते उतरवताना आवाज होऊ दिला नाही.

*

सुनेला राग आला होताच, पण रागापेक्षा ती विचारातच जास्त पडली होती. ही एकच बाई का? दुसऱ्या दिवशी फेरीवरून परतताना तिनं पैलवानाला विचारलं, "यंदा आणखी कुणी माल मागितला होता?"

पैलवानानं गिअर बदलला. "असतील कुणी."

"पैलवान."

"पंपावरचं दुकान आहे. शाळेच्या फाटकाजवळचा म्हातारा आहे. खडीच्या यंत्राजवळची खानावळ. आणखीही असतील, वहिनी. दादांनी अण्णांना सांगितलं, अण्णा बघतो म्हणाले, मग आम्ही पण विसरलो."

"त्यांचं पुढं काय झालं?"

"आलेच नाहीत, तर काय सांगणार?"

"चला, बघून येऊ."

"आत्ता? माल तापेल."

"गोदामात काय थंड होतोय का?"

पेट्रोल पंपावरच्या दुकानात एक पोरसवदा मालक गल्ल्यावर बसला होता. मागे दोन मोठे फ्रीज, दोन्ही पुलापलीकडचे. तो सहज म्हणाला, "आम्हाला वाटलं तुम्हाला आमचं गिऱ्हाईक नको. मोठी माणसं तुम्ही, जुनी. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली."

शाळेच्या फाटकाजवळचा म्हातारा पूर्वी त्याच शाळेचा पहारेकरी होता. त्यानं सुनेकडं पाठ फिरवून बर्फ फोडायला घेतला. पुष्कळ वेळ फोडत राहिला. मग म्हणाला, "अण्णांनी उत्तर दिलं नाही तेव्हाच मी समजलो. माझ्या मेहुण्यानं त्यांचे कान भरले. त्याच्याशी बोलणं टाकलं मी. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही."

"मेहुणे? काका, तुमचे मेहुणे कोण हेच अण्णांना माहीत नाही."

म्हाताऱ्याचा हात थांबला. "त्यानं काही सांगितलं नाही?"

"काहीच नाही. आमच्याकडून नुसता उशीर झाला."

"नुसता उशीर," म्हातारा म्हणाला. तो खोक्यावर बसला आणि बर्फाचा तुकडा हातात वितळायला लागला तरी त्याला भान नव्हतं. "बायको सांगत होती मला. रोज सांगत होती."

खडीच्या यंत्राजवळची खानावळ मात्र बंद होती. दाराला कुलूप, कुलपावर खडीची पांढरी धूळ. शेजारी पंक्चर काढणारा म्हणाला, खानावळवाला पुलापलीकडच्याचा सगळा माल घेऊन रातोरात पळाला, रिकाम्या बाटल्यासुद्धा ठेवल्या नाहीत.

टेम्पोत बसताना पैलवानाचा चेहरा उजळला होता. "बघा वहिनी. इथं अण्णा बरोबर होते."

"अण्णा बरोबर नव्हते," सून म्हणाली. "अण्णा काही म्हणालेच नव्हते."

*

हे तिनं घरी जसंच्या तसं सांगितलं. नवरा पाठीखाली गरम विटकर घेऊन पडला होता, तो नुसता "हं, हं" करत होता. अण्णा खुर्चीत ताठ झाले.

"त्या पोराचे बुडाले ना खानावळीत? हेच. उतावळेपणाचं हेच होतं."

"एका ठिकाणी बुडाले, अण्णा. बाकी सगळे त्याच्याकडून रोज उचलतात."

"मी माणूस बघितल्याशिवाय कधी माल दिलेला नाही."

"मग बघा ना. कोण नको म्हणतंय? माझ्याबरोबर टेम्पोत बसा आणि बघा."

अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठले, भिंतीला हात लावत आत गेले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत. नवरा म्हणाला, "जरा जपून बोलत जा गं." बोलून त्यानं कूस बदलायचा प्रयत्न केला आणि विव्हळला.

सासूबाई मागच्या दारी परत आलेल्या बाटल्या विसळत होत्या. सून त्यांच्या शेजारी बसली, बाह्या वर केल्या आणि हौदात हात घातला. 

"पूर्वी असे नव्हते," सासूबाई आपणहून म्हणाल्या. "नवं गिऱ्हाईक आलं की दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल काढायचे. दुकानासमोर, रस्त्याच्या या बाजूला उभे राहायचे. दुकान उघडताना बघायचं, म्हणायचे. माणूस दुकान कसं उघडतो त्यावरून सगळं कळतं. दुपारपर्यंत हो नाहीतर नाही. नाही म्हटलं तरी त्या माणसाकडं चहा पिऊन यायचे."

"मग आता का जात नाहीत?"

"गुडघे," सासूबाई म्हणाल्या, आणि आधीच स्वच्छ असलेली बाटली पुन्हा विसळायला घेतली.

गुडघे होते, हे खरं. पण गुडघे दुखणारा माणूस टेम्पोत बसू शकतो. सून अण्णांकडं लक्ष देऊन बघायला लागली. ते चहाचा कप घेताना आधी बशीची कड चाचपत. कुणी दारात आलं की तो बोलेपर्यंत स्वतः बोलत नसत. भाव सांगताना बाटली हातात घेऊन तिच्या गळ्यावरून अंगठा फिरवत आणि मग म्हणत, हां, ही सोड्याची. तिला वाटलं होतं, ही म्हाताऱ्या माणसाची ऐट.

एका दुपारी ती आणि पैलवान मागच्या बाजूनं गोदामात आले. पैलवानानं सकाळी उकाड्यानं सदरा काढून खांबाच्या खिळ्याला अडकवला होता. पंख्याच्या वाऱ्यानं त्याच्या बाह्या हलत होत्या. अण्णा त्या सदऱ्यासमोर उभे राहून बोलत होते.

"तुला काय वाटतं रे? पोरीनं मला चारचौघांत बोलावं का असं?" ते थांबले. "आणि बोलली ते खोटं आहे का? बोल की. मुका झालास का?"

सून जागच्या जागी थिजली. हसू यावं असा प्रकार होता, पण ती पुढं व्हायला निघाली. पैलवानानं तिला हातानं थांबवलं. पायांतल्या चपला काढल्या, मांजरासारखा खांबाच्या मागे गेला आणि तिथून खोकला.

"खोटं नाही, अण्णा," तो म्हणाला. "पण वहिनींचं मन साफ आहे."

"ते मलाही कळतं," अण्णा सदऱ्याला म्हणाले. "जा, कामाला लाग."

बाहेर टेम्पोच्या सावलीत सुनेनं त्याला गाठलं. "कधीपासून?"

पैलवान चाकाची हवा बघत असल्यासारखा वाकला. "थंडीपासून. आधी धुकं म्हणायचे. मग काहीच म्हणेनासे झाले."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मी चालताना पाय आपटतो, खोकतो. म्हणजे मी कुठं आहे ते त्यांना कळतं." तो सरळ उभा राहिला. "माझं हे अंग बघून मला कुठं हमालीला ठेवत नव्हते, वहिनी. अण्णा म्हणाले होते, अंग नको, हात दाखव. त्या माणसाचं मी कसं सांगणार?"

सुनेच्या डोक्यात आता सगळं जुळलं. अण्णांना हो म्हणायचं नव्हतं असं नाही. त्यांना बघायचं होतं, आणि बघता येत नव्हतं. तोलणाऱ्याची, बाजाराच्या दिवसाची, कुणाच्या तरी शब्दाची वाट बघत ते दारात बसून होते. आणि तेवढ्यात गिऱ्हाईक पुढं गेलेलं असे. तिला शाळेजवळचा म्हातारा आठवला. न बोललेल्या एका गोष्टीनं दोन घरांमधलं बोलणं तुटलं होतं, आणि अण्णांना त्याचा पत्ताही नव्हता.

*

त्याच आठवड्यात चढावरचा सायकलवाला भेटला. गावाबाहेर मोठा चढ होता. तिथं सायकली उतरून ढकलायला लागत, ट्रॅक्टर थांबून श्वास घेत. चढ संपतो तिथं त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. "लोक इथं हवा भरायला थांबत नाहीत, जीभ बाहेर काढून थांबतात," तो म्हणाला. "मला माल द्याल का? आधी थोडा, पैसे विकल्यावर."

सून नेहमीसारखं उद्या सांगते म्हणाली नाही. "परवा सकाळी सांगते. नक्की," म्हणाली आणि घरी आली.

अण्णा दारात होते. ती जमिनीवर पाय वाजवत त्यांच्याजवळ गेली आणि शेजारी पायरीवर बसली.

"अण्णा, मला दुकान बघायला शिकवा."

"म्हणजे?"

"उघडताना बघायचं असतं म्हणे. आई सांगत होत्या. मी बघेन, पण काय बघायचं ते मला कळत नाही. तुम्ही शेजारी बसून विचारा, मी सांगते."

 अण्णांची बोटं खुर्चीच्या हातावर एका जागी फिरत राहिली. मग अगदी हळू म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"पैलवान?"

"पैलवान तर खांबामागं जाऊन खोकतात."

अण्णा दचकले. मग तिला वाटलं ते रागावणार. पण त्यांच्या नाकातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. "म्हणजे त्या दिवशी तो तिथं नव्हता?"

"त्यांचा सदरा होता."

"तरीच इतकं निमूट ऐकून घेतलं," अण्णा म्हणाले. त्यांनी तोंडावरून हात फिरवला, आणि तो हात डोळ्यांवर जरा जास्त वेळ राहिला.

*

दुसऱ्याच दिवशी उजाडताना टेम्पो चढावर रस्त्याच्या या बाजूला उभा होता. अण्णा मध्ये बसले होते, सून खिडकीपाशी. मागे क्रेट होते. ते घ्यायला अण्णांनीच सांगितलं होतं. ठरलं तर पुन्हा खेप नको, म्हणाले होते. ती वेळ तेवढीच गार होती, आणि ओल्या मातीचा वास येत होता, कारण कुणीतरी आपल्या दारात पाणी मारत होतं.

"कोण मारतंय पाणी?" अण्णांनी विचारलं.

"तोच. पण स्वतःच्या दारात नाही मारत. शेजारचं दुकान बंद आहे, त्याच्या दारात आधी मारलं."

"हं. मग?"

"आता कुलूप काढतोय. निघत नाहीये." ती थांबली.

"काय झालं?"

तिला सांगावंसं वाटेना. सायकलवाल्याला माल मिळावा असं तिला मनापासून वाटत होतं. पण शेजारी अण्णा मान तिरकी करून, श्वास धरून बसले होते. "चिडला. हातातला पाना फेकला त्यानं. शिवी पण दिली असावी."

"कुणाला लागला?"

"नाही. जाऊन उचलून आणला. पुसला. आता तेल घालतोय कुलपात."

"बरं झालं सांगितलंस," अण्णा म्हणाले. "हे सांगितलंस म्हणून बाकीचं खरं धरतो. पुढं बोल."

"दुकान उघडलं. हवेचा पंप बाहेर काढून ठेवला. दूधवाला आला."

"थांबला का पैशांसाठी?"

"नाही. दूध मापलं, दिलं, दोघं कशावर तरी हसले, गेला."

"दुसरं कोण?"

"एक बाई आली, पाव देऊन गेली. तीपण थांबली नाही. शाळेत जाणारी एक मुलगी आलीय, तिच्या सायकलची साखळी पडलीय. बसवतोय. मुलगी पैसे द्यायला लागली तर नको म्हणाला."

"रोज नको म्हणत असेल तर धंदा बुडवेल," अण्णा म्हणाले.

"नाही, मागून आलेल्या माणसाकडून घेतले. मोजून घेतले."

अण्णा मागे टेकले. पैलवानानं इंजिन बंद केलं होतं, तरी कुठलातरी तापलेला पत्रा टकटक करत होता. "दूधवाला उधार देतो, पाववाली उधार देते. रोज सकाळी त्याच्या दारात येणाऱ्या माणसांनी आधीच ठरवलंय. आपण कोण मोठे लागून गेलो?" त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "उतरव माल."

सून खाली उतरली. अण्णाही उतरायला लागले. तिनं हात पुढं केला आणि मग, त्यांना तो दिसणार नाही हे लक्षात येऊन, त्यांच्या मनगटाला लावला. चढावर बरीच माणसं होती. शाळेची पोरं, दूधवाले, कामाला निघालेले गवंडी. त्यांतले अर्धे अण्णांना ओळखत होते. अण्णांनी तिचा हात घट्ट धरला आणि रस्ता ओलांडला.

सायकलवाला गडबडून उभा राहिला. "अण्णा, तुम्ही स्वतः? आणि माल पण आणलात? वहिनी तर परवा सांगते म्हणाल्या होत्या. मी अजून जागासुद्धा केलेली नाही."

"कर की मग."

"पण मला बघितलंसुद्धा नाही तुम्ही."

"मला दिसत नाही, बाबा," अण्णा म्हणाले. एवढ्या मोठ्यानं, की एका दूधवाल्यानं पायडल मारायचं थांबवलं. "माझ्या सुनेनं बघितलंय तुला. तुझ्या कुलपात तेल घालत जा, पाना फेकत जाऊ नकोस."

 मग सायकलवाला आणि पैलवान टायरी हलवायला लागले. अण्णांनाही एक टायर धरायला दिली, आणि ते ती छातीशी धरून, कपाळावर काळा पट्टा लागलेला, उन्हात उभे राहिले. सुनेला त्यांच्या तोंडाकडं बघून वाटलं, खूप दिवसांनी यांनी अंग मोकळं सोडलंय.

*

हंगाम पुरता सावरला नाही. नदीपलीकडची गावं कंपनीनं काढून घेतलीच. कंपनीच्या माणसानं ते सांगताना चहा अर्धा ठेवला. पण अलीकडची टिकली. सून आणि अण्णा पहाटे टेम्पोत बसून बघायचे, भांडायचे आणि दुकानदाराला त्याच सकाळी हो किंवा नाही सांगून मोकळे व्हायचे. एकदा दोघांनी मिळून चूक केली आणि एका दुकानात माल बुडाला. अण्णा संध्याकाळभर सुनेला आणि सून अण्णांना बोलत होती, आणि नवरा पाठीला पट्टा बांधून दोघांच्या मधून क्रेट नेत होता.

उन्हाळा सरल्यावर अण्णांचे डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, एवढे दिवस का थांबलात? अण्णा म्हणाले, आमच्या घरात उत्तर द्यायला वेळ लागतो.

ऑपरेशन होऊन पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते पहाटे उठून बसले. सगळ्यांना वाटलं गोदाम बघायला जातील. पण ते सुनेला म्हणाले, "चढावर चल."

टेम्पो नेहमीच्या जागी उभा राहिला. अण्णा काळा चष्मा कपाळावर सारून कितीतरी वेळ पलीकडं बघत होते. सून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. आपण इतके दिवस सांगितलेलं खरं होतं का, ते आता कळणार होतं.

"काय दिसतं?" तिनं विचारलं.

"मला वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारा आहे," अण्णा म्हणाले. "तू सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"कान केवढे आहेत त्याचे." ते आणखी पुढं वाकले. "झाडून झालं. आता बाटल्या पुसून मांडतोय. आपल्याच आहेत ना? हां, आपल्याच." मग ते एकदम मागं सरले.

"काय झालं?"

"त्यानं आपल्याला बघितलं," अण्णा म्हणाले, आणि लहान पोर सापडावं तसे हसले. "हात करतोय. दार उघड, दार उघड लवकर."